डिकॅफ कॉफी प्यावी का? झोप, रक्तदाब आणि पाकिटावरची बारीक अक्षरे

जुळे सोलापूर : रात्रीचे जेवण आटोपले की जायफळ घातलेली, दुधातली कॉफी हा अनेक मराठी घरांतला जुना रिवाज. सोलापुरात त्याला कन्नड आणि तेलुगू घरांची जोड आहे. विजयपूर, कलबुर्गीकडे सोयरिक असलेल्या घरात कॉफीचा फिल्टर सापडतोच. त्यामुळे शहर चहाचे असले तरी कॉफी इथे परकी नाही. आता जुळे सोलापुरातल्या काही स्वयंपाकघरांत आणखी एक पाकीट दिसू लागले आहे. मुले पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीला असतात आणि सणाला येताना आईवडिलांसाठी 'डिकॅफ' घेऊन येतात. "डॉक्टरांनी कॉफी कमी करायला सांगितलीय ना? मग ही घ्या, हिच्यात कॅफीन नसतं."

पाकीट फळीवर जाते आणि प्रश्न सुरू होतात. ही किती प्यायची? रक्तदाबाची गोळी चालू असताना चालते का? कॅफीन काढायला म्हणे रसायन वापरतात, मग ते पोटात जात नाही का? सून गरोदर आहे, तिला दिली तर? आणि साध्या पावडरीपेक्षा एवढी महाग आहे, तर तेवढा फायदा होतो का?

थोडक्यात उत्तर असे : ज्यांना कॅफीन बाधते त्यांच्यासाठी डिकॅफ ही चांगली सोय आहे. ज्यांना बाधत नाही त्यांना तिची गरज नाही. औषध म्हणून तर ती कुणीच पिऊ नये. मात्र आपल्याला कॅफीन बाधते की नाही, आणि आपल्या रोजच्या कपात ते मुळात असते किती, हेच बहुतेकांनी कधी तपासलेले नसते.

कॅफीन करते काय?

दिवसभर जागे राहिल्यावर मेंदूत अॅडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. ते मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसले की आपल्याला पेंग येते. कॅफीनची घडण अॅडिनोसिनशी मिळतीजुळती असल्याने ते आधीच त्या जागा अडवून बसते. थकवा जात नाही, थकव्याचा निरोप तेवढा पोहोचत नाही. कॅफीन ओसरले की साचलेला सगळा निरोप एकदम पोहोचतो आणि दुपारी चारला पुन्हा कपाची आठवण होते.

पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला प्रौढ माणसाला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला १०० मिलिग्रॅम कॅफीन घेतले, तर रात्री अकराला त्यातले ५० मिलिग्रॅम अंगात असतेच. हा वेग प्रत्येकाचा वेगळा. यकृतातले एक विकर कॅफीन मोडते आणि ते कुणाचे चपळ, तर कुणाचे संथ असते. धूम्रपान करणाऱ्यांत कॅफीन लवकर निघून जाते. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, ते कितीतरी जास्त वेळ रेंगाळते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांतही हा वेळ जवळपास दुप्पट होतो. एकाच घरात सासऱ्यांना रात्री कॉफी पिऊन गाढ झोप लागते आणि सून दोन वाजेपर्यंत कूस बदलत राहते, त्याचे कारण बऱ्याचदा इतके साधे असते.

"मला काही होत नाही, मी कॉफी पिऊन झोपतो" असे म्हणणाऱ्यांसाठी एक अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लोकांना झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिले. यंत्राने मोजलेली त्यांची झोप तासाभराहून अधिक घटली. सहभागींना स्वतःला मात्र ते तितकेसे जाणवले नव्हते. झोप लागते, पण उथळ आणि कमी लागते, आणि सकाळी दोष उन्हाळ्याला किंवा डासांना दिला जातो. (मात्रा मोठी होती हे खरे. आपल्या एका कपात एवढे कॅफीन नसते. पण वयाबरोबर झोप आधीच हलकी झालेली असते, हेही विसरू नये.)

एका सागरी अपघाताची गोष्ट

कॅफीन पहिल्यांदा वेगळे केले ते १८१९ मध्ये, फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. कवी गटे यांनी त्याला कॉफीचे दाणे दिले आणि यात काय आहे ते शोध, असे सुचवले होते. पण कॅफीन काढून टाकलेली कॉफी बाजारात यायला आणखी ऐंशी-नव्वद वर्षे गेली. जर्मनीतल्या ब्रेमेन बंदराचा कॉफी व्यापारी लुडविग रोझेलियस याचा एक माल समुद्राच्या पाण्यात भिजला, त्यातले कॅफीन बरेचसे गेले आणि चव मात्र टिकली, अशी कथा सांगतात. आपल्या वडिलांचा मृत्यू अती कॉफीमुळे झाला, अशी रोझेलियसची समजूत होती. त्यामुळे तो या शोधामागे लागला आणि १९०६ मध्ये त्याने 'काफे हाग' ही कंपनी काढली.

त्याने कॅफीन काढायला वापरले बेंझीन. ते कर्करोगकारक आहे, हे आज शाळेतल्या पोरालाही वाचायला मिळते. पुढे ट्रायक्लोरोएथिलीन आले, तेही १९७० च्या दशकात संशयास्पद ठरून मागे पडले. डिकॅफविषयीची भीती अशी रिकामी नाही, तिच्यामागे इतिहास आहे. प्रश्न एवढाच, की ती आजच्या पाकिटाला कितपत लागू पडते?

आज कॅफीन कसे काढतात?

कॅफीन नेहमी कच्च्या, हिरव्या दाण्यांतून काढतात. भाजणे नंतर होते. दाणे वाफेने किंवा पाण्याने फुगवायचे, मग कॅफीन ओढून घेईल असे काहीतरी वापरायचे, हे सगळीकडे समान. फरक आहे तो ओढून कशाने घेतात यात.

एक प्रकार मेथिलीन क्लोराइडचा. हे द्रावक कॅफीनला नेमके पकडते आणि चवीला फारसा धक्का लावत नाही, म्हणून कारखान्यांना आवडते. दुसरा इथिल अॅसिटेटचा. हे द्रव्य पिकलेल्या फळांतही थोडे असते. कोलंबियात ते उसापासून बनवतात, त्यामुळे पाकिटावर 'शुगरकेन डिकॅफ' असे लिहिलेले दिसते. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात हे नाव वाचून कॉफीत ऊस घातला की काय असे वाटेल, पण तसे नाही. कॉफी त्यामुळे गोडही होत नाही.

तिसरा प्रकार नुसत्या पाण्याचा, 'स्विस वॉटर' म्हणतात तो. दाणे गरम पाण्यात भिजवले की कॅफीनबरोबर चवही पाण्यात उतरते. ते पाणी कोळशाच्या गाळणीतून काढले की कॅफीन अडकते आणि चवीची द्रव्ये पाण्यातच राहतात. चवीने आधीच भरलेल्या या पाण्यात पुढचे दाणे टाकले, की त्यांच्यातून फक्त कॅफीन बाहेर पडते. युक्ती मूळची स्वित्झर्लंडची, कारखाना मात्र कॅनडात. चौथ्या प्रकारात कार्बन डायऑक्साइड वापरतात. हा वायू ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या दाबाच्या ७३ पटींहून जास्त दाबाखाली ठेवला, की तो धड वायूही राहत नाही आणि द्रवही होत नाही. त्या अवस्थेत तो कॅफीन धुऊन नेतो. जर्मनीत कुर्ट झोझेल यांनी १९६० च्या दशकात हा गुण हेरला.

काढलेले कॅफीन फेकून देत नाहीत. ते शीतपेये आणि औषधे बनवणाऱ्यांना विकले जाते.

रसायनाची भीती किती खरी?

वाद आहे तो मेथिलीन क्लोराइडवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवले आहे. रंग खरवडण्यासाठी ते बंद खोलीत वापरताना त्याच्या वाफेने कामगार दगावल्याच्या घटना अमेरिकेत घडल्या आहेत. तिथल्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये त्याच्या घरगुती आणि बहुतेक औद्योगिक वापरांवर बंदी आणली. अन्नातला वापर या नियमाबाहेर राहिला. तो अन्न व औषध प्रशासनाच्या अखत्यारीत येतो आणि अन्नातही बंदी घालावी या अर्जावर त्या प्रशासनाने त्याच वर्षाच्या सुरुवातीला लोकांची मते मागवली.

आता कपाचा हिशेब करू. अमेरिकेत भाजलेल्या डिकॅफमध्ये हे द्रव्य दहा लाख भागांत दहा भागांपेक्षा जास्त चालत नाही. युरोपात मर्यादा आणखी कडक, दहा लाखांत दोन भाग. एका कपाला दहा ग्रॅम पावडर धरली आणि अमेरिकेची पूर्ण मर्यादा गाठली गेली असे मानले, तरी जास्तीत जास्त ०.१ मिलिग्रॅम. शिवाय हे द्रव्य सुमारे ४० अंशांना उकळते. सोलापुरात मे महिन्यात नुसत्या हवेचा पारा त्याच्या वर जातो. दाणे भाजले जातात २०० अंशांच्या आसपास आणि नंतर वर उकळते पाणी पडते. उरणार ते नाममात्रच.

म्हणून पित असलेली डिकॅफ घाबरून ओतून देण्याचे कारण नाही. पण ज्याला हा नाममात्र अंशही नको असेल, त्याची मागणी गैर म्हणता येणार नाही. पर्याय उपलब्ध आहेत. पाकिटावर 'स्विस वॉटर', 'वॉटर प्रोसेस' किंवा 'सीओटू' लिहिलेले घ्यावे. पद्धत लिहिलेलीच नसेल तर विक्रेत्याला विचारावे. पाण्याने किंवा वायूने केलेली कॉफी विकणारे ती गोष्ट ठळक छापतात. पाकिटावर पद्धतीचा उल्लेखच नसेल, तर काय समजायचे ते ग्राहकाने समजावे.

'डिकॅफ' म्हणजे शून्य नव्हे

अमेरिकेत साधारण ९७ टक्के कॅफीन काढलेली कॉफी डिकॅफ मानतात. युरोपचा नियम उरलेल्यावर बोट ठेवतो : भाजलेल्या डिकॅफमध्ये ०.१ टक्क्यापेक्षा आणि झटपट डिकॅफमध्ये ०.३ टक्क्यापेक्षा जास्त कॅफीन नको. प्रत्यक्ष कपात ते दोनपासून पंधरा मिलिग्रॅमपर्यंत सापडते. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये दुकानांतल्या डिकॅफ कॉफी तपासल्या, तेव्हा सुमारे पावणेपाचशे मिलिलिटरच्या मोठ्या पेल्यात जवळपास १४ मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन निघाले.

एक-दोन कपांना हे किरकोळच आहे. पण 'हिच्यात काही नसतं' म्हणून दिवसाला सहा-सात पेले पिणाऱ्याच्या पोटात एका साध्या कॉफीएवढे कॅफीन जाऊ शकते. कॅफीन अजिबात नको असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले असेल, तर डिकॅफही त्या सूचनेत बसत नाही.

आपल्या कपात मुळात किती असते?

परदेशी लेख वाचून घाबरण्याआधी हा हिशेब आपल्या ओट्यावर मांडून पाहायला हवा. 'एका कपात ९५ मिलिग्रॅम' हा आकडा अमेरिकेतल्या मोठ्या, बिनदुधाच्या फिल्टर कॉफीचा आहे. आपली गोष्ट वेगळी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत आपल्याकडचे आकडे आहेत. १५० मिलिलिटरच्या कपात दाणे दळून केलेल्या कॉफीतून ८० ते १२० मिलिग्रॅम, झटपट कॉफीतून ५० ते ६५ आणि चहातून ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन मिळते. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे.

त्यात आणखी एक खास भारतीय बाब म्हणजे चिकोरी. हे एक मूळ असते. ते भाजून दळले की रंग आणि कडवटपणा कॉफीसारखा येतो. त्यात कॅफीन नसते. भारतात कॉफीच्या पावडरीत ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी मिसळायला कायद्याने परवानगी आहे, फक्त प्रमाण पाकिटावर छापावे लागते. म्हणजे किराणा दुकानातून आणलेल्या स्वस्त पाकिटात निम्मी चिकोरी असू शकते. दोन ग्रॅमचा चमचा शुद्ध झटपट कॉफीचा असेल तर साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन. तोच चमचा निम्म्या चिकोरीच्या मिश्रणाचा असेल तर तीसेक. आणि आपल्या आया कपभर दुधात अर्धा चमचाच टाकत असतील, तर आणखी निम्मे. अशी कॉफी पिणाऱ्या घराने दुप्पट-तिप्पट पैसे मोजून डिकॅफ आणली, तर वाचणार ते पंधरा-वीस मिलिग्रॅम. तेवढे तर अर्धा कप चहा कमी केला तरी वाचते.

चहाचा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. सकाळी उठल्यावर एक, नाश्त्याबरोबर एक, कामावर दोन, संध्याकाळी कुणी आले की एक. असे पाच चहा म्हणजे दीडशे ते सव्वातीनशे मिलिग्रॅम कॅफीन. एवढा चहा चालू ठेवून रात्रीची कॉफी तेवढी डिकॅफ केली, तर दिवसाच्या एकूण कॅफीनमध्ये फार फरक पडत नाही. तरीही रात्रीचा कप बदलण्यात अर्थ आहे, कारण झोपेशी सर्वांत जास्त गाठ त्याचीच पडते.

दळून, फिल्टरमधून उतरवलेल्या घट्ट डिकॉक्शनची कॉफी पिणाऱ्यांचा हिशेब मात्र वेगळा. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे ७० टक्के रोबस्टा असते आणि रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असते. अशा घरात दिवसाला तीन कप होत असतील, तर डिकॅफचा फरक खरोखर जाणवेल.

अभ्यास काय सांगतात?

डिकॅफवरचे संशोधन एका गोष्टीसाठी फार उपयोगी ठरले. कॉफीचे जे फायदे सांगतात ते कॅफीनचे की बाकीच्या द्रव्यांचे, हे त्यातून ताडून पाहता आले.

मधुमेहाचे उदाहरण घ्या. २०१४ मध्ये 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात २८ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्यात अकरा लाखांहून अधिक लोक होते. रोजच्या एका कपामागे साध्या कॉफीत टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ९ टक्क्यांनी आणि डिकॅफमध्ये सुमारे ६ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे श्रेय सगळे कॅफीनचे नाही. कॉफीतल्या क्लोरोजेनिक आम्लासारख्या द्रव्यांचा त्यात वाटा असावा, आणि ती डिकॅफमध्ये बरीचशी टिकतात.

हृदयाविषयी २०२२ मध्ये मेलबर्नच्या बेकर संस्थेतील संशोधकांनी ब्रिटनमधल्या साडेचार लाख लोकांची माहिती तपासली. दिवसाला दोन-तीन कप पिणाऱ्यांत न पिणाऱ्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण कमी आढळले : दळलेल्या कॉफीत २७ टक्के, डिकॅफमध्ये १४ टक्के, झटपट कॉफीत ११ टक्के. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका मात्र साध्या कॉफीत कमी दिसला, डिकॅफमध्ये तसा फरक दिसला नाही. कॉफीने ठोके बिघडतात या सार्वत्रिक समजुतीच्या हे उलटच आहे.

पण थांबा. हे सगळे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. लोक काय पितात ते लिहून घ्यायचे आणि पुढे त्यांचे काय होते ते पाहायचे. त्यात एक खोच असते. डिकॅफकडे वळतात कोण? बऱ्याचदा ज्यांना आधीच रक्तदाब, पित्त किंवा छातीत धडधड यांचा त्रास आहे ते. मग त्या गटात आजार जास्त दिसले तर दोष कॉफीचा की मूळ दुखण्याचा? उलट, दिवसाला तीन कप चांगली कॉफी पिणारा माणूस खाऊनपिऊन सुखी असण्याची शक्यताही जास्त. संशोधक आकडेमोडीत याची काळजी घेतात, पण ती पुरी पडतेच असे नाही. शिवाय ती कॉफी बहुतांशी कमी दुधाची, कमी साखरेची. आपल्याकडे एका कपात दोन चमचे साखर म्हणजे आठ-दहा ग्रॅम. असे तीन कप झाले की जागतिक आरोग्य संघटना सुचवते ती दिवसाची २५ ग्रॅमची आदर्श मर्यादा तिथेच ओलांडली जाते. मधुमेह टळावा म्हणून साखरेची डिकॅफ पिणे हा विनोदच झाला.

रक्तदाब, गरोदरपण आणि बाकीचे प्रश्न

रक्तदाब नियंत्रणात असलेल्या आणि वर्षानुवर्षे कॉफी पिणाऱ्या माणसाला एका कपाने फारसा धोका दिसत नाही. ज्याला सवय नाही त्याचा दाब मात्र कॅफीनने काही काळ चढतो. खरी काळजी आहे ती दाब खूप जास्त असलेल्यांची. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या, १८ हजारांहून अधिक जपानी लोकांच्या अभ्यासात, १६०/१०० किंवा त्याहून जास्त रक्तदाब असलेले लोक दिवसाला दोन किंवा अधिक कप कॉफी पीत असतील तर हृदयविकार व पक्षाघाताने मृत्यू होण्याचा धोका दुप्पट दिसला. एका कपाने तो वाढलेला दिसला नाही. ज्यांचा दाब गोळ्या घेऊनही एवढा राहतो, त्यांनी आधी डॉक्टरांना गाठावे आणि कॉफी हवीच असेल तर डिकॅफकडे वळावे. दाब मोजून घ्यायचा असेल तर त्याआधी अर्धा तास साधी कॉफी किंवा चहा घेऊ नये, नाहीतर आकडा उगाच वाढलेला येतो.

गरोदर स्त्रीसाठी युरोपची अन्न सुरक्षा संस्था दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगते. दोन कप चहा आणि एक कप झटपट कॉफी यांतच ती जवळ येते. इथे डिकॅफ खरोखर कामाला येते, शक्य तर पाण्याने केलेली. पण सुनेला ती जेवणाला लागून देऊ नये. कारण लोह.

कॉफी आणि चहातली टॅनिनसारखी द्रव्ये अन्नातले लोह बांधून ठेवतात. कॅफीन काढले तरी ती कपात राहतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. भाकरी, शेंगाची चटणी, पालेभाजी असे जेवण करून लगेच कॉफी प्यायली, तर त्या पालेभाजीतले लोह बरेचसे वाया जाते. पोषण संस्थेच्या सूत्रांत म्हणूनच जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितले आहे. डिकॅफला यातून सूट नाही. लोहाची गोळी तर कॉफीबरोबर कधीच नको. जेवणानंतरच्या जायफळाच्या कॉफीचा आमच्या घरचा रिवाज नेमका इथेच आडवा येतो, आणि तो मोडणे जड जाते हे कबूल करायला हवे.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांचेही तसेच. कॉफीमुळे ती नीट शोषली जात नाही. गोळी पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढे अर्धा ते एक तास कपाला हात लावू नये, मग कॉफी कुठलीही असो.

पित्ताचा त्रास असणारे बहुतेक जण डिकॅफकडे मोठ्या आशेने पाहतात. साध्या कॉफीपेक्षा तिने घशाशी येणे कमी होते, पण पोटातले आम्ल वाढवण्याचे काम कॉफीतली इतर द्रव्येही करतात. काहींना फरक पडतो, काहींना पडत नाही. आठवडाभर पिऊन पाहणे हाच मार्ग.

आणि जाता जाता : कॉफीमुळे कर्करोग होतो का, याचा आढावा घेऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये कॉफीला संशयितांच्या यादीतून काढले. मात्र ६५ अंशांपेक्षा जास्त गरम पेये, मग ती कुठलीही असोत, 'बहुधा कर्करोगकारक' ठरवली, कारण त्याने अन्ननलिका पोळते. टपरीवर उभ्याउभ्या कढत चहा घशाखाली उतरवणाऱ्यांनी बशीची जुनी सवय पुन्हा लावून घ्यायला हरकत नाही.

सोडायची तर कशी?

रोजचे कॅफीन एकदम बंद केले की साधारण दिवसभरात डोके ठणकू लागते, चिडचिड होते, सुस्ती येते. दोन दिवस त्रास जोरात असतो आणि आठवड्याभरात ओसरतो. आषाढी एकादशीला निर्जळी उपवास करणाऱ्या अनेकांचे दुपारपर्यंत डोके चढते, ते नुसते भुकेने नसते. सकाळचा चुकलेला चहाही त्यात असतो.

इथे डिकॅफचा एक मजेदार उपयोग सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिला. भरपूर कॉफी पिणाऱ्या ६१ जणांचे कॅफीन २४ तास बंद केले आणि मग काहींना डिकॅफ दिली. त्यांचा त्रास बराच कमी झाला. आपण पितोय ती डिकॅफ आहे हे ज्यांना सांगितले होते, त्यांचाही झाला. वास, चव, कपाची ऊब यांना शरीर इतके सरावलेले असते, की तेवढ्यानेही ते काही काळ समजून घेते.

म्हणून घरी हे सोपे करता येते. साधी पावडर आणि डिकॅफ एका डब्यात मिसळा. पहिल्या आठवड्यात तीन भाग साधी, एक भाग डिकॅफ. दर आठवड्याला एक भाग बदलत न्या. चौथ्या आठवड्यात डबा पूर्ण डिकॅफचा होतो आणि डोकेदुखीची गोळी शोधावी लागत नाही. (तशा काही गोळ्यांतही कॅफीन असते. पाकिटावर पाहावे.) ज्यांना फक्त झोपेची तक्रार आहे, त्यांना एवढाही खटाटोप नको. सकाळी नेहमीची कॉफी आणि दुपारी तीननंतर डिकॅफ, एवढे पुरते. तीननंतरचा चहाही या हिशेबात धरायचा.

यंत्रमागावर किंवा दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्यांना पाळीच्या सुरुवातीला साधी कॉफी उपयोगाची आहे. पहाटे मात्र डिकॅफ बरी, कारण सकाळी घरी जाऊन झोपायचे असते.

विकत घेताना पाकिटावर तीन गोष्टी पाहाव्यात : कॅफीन काढण्याची पद्धत, चिकोरीचे प्रमाण आणि भाजल्याची तारीख. कॅफीन काढताना दाणे सच्छिद्र होतात, त्यामुळे डिकॅफचा वास साध्या कॉफीपेक्षा लवकर उडतो. पुण्याहून येणाऱ्या मुलाला अर्ध्या किलोऐवजी शंभर ग्रॅमचेच पाकीट आणायला सांगावे, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे आणि महिन्याभरात संपवावे.